गळणारी ग्लँड आणि घनाचा नियम

विहिरीवरचा विजेचा पंप चालू असताना त्याच्या शाफ्टपाशी थेंब थेंब पाणी पडत असते, हे खेड्यात वाढलेल्या प्रत्येकाने पाहिले असेल. पंप दुरुस्त करणारा कारागीर त्या थेंबांकडे पाहून पाना हातात घेत नाही. थेंबांची धार झाली तरच तो नट आवळतो, आणि तोही अगदी थोडा. असे का, हा प्रश्न शाळेत असताना आम्हाला कधी पडला नाही. पुढे पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र शिकूनही पडला नाही. तो पडला आमची होडी बुडायला आली तेव्हा.

रायगड जिल्ह्यात रेवदंड्याजवळ कुंडलिका नदी समुद्राला मिळते. या खाडीच्या पृष्ठभागावर तेलाचा जो अतिशय पातळ तवंग असतो, त्याचे नमुने गोळा करण्याचे काम आमच्या गटाकडे होते. इंजिन चालू असलेल्या होडीतून असे नमुने घेण्यात अर्थ नसतो, कारण बाटलीत सापडलेले तेल खाडीतले की आपल्याच इंजिनातले, हे मग सांगता येत नाही. म्हणून आम्ही एक जुनी शिडाची होडी मिळवली होती. लांबी आठ मीटर, तळ उथळ, आणि तळाखाली एकाऐवजी दोन बाजूंना दोन कणे, त्यामुळे ओहोटीत चिखलावर न कलंडता उभी राहणारी. जाताना शिडावर जायचे, नमुने घ्यायचे, आणि वारा पडला किंवा प्रवाह उलटा लागला की दहा अश्वशक्तीचे छोटे डिझेल इंजिन चालू करून परत यायचे, असा बेत होता. ज्या नाखव्याला आम्ही सोबत घेतले होते, त्याचा जन्म याच खाडीत मासेमारी करण्यात गेला होता. आमच्या बाटल्यांची त्याला गंमत वाटे. आमच्या ग्लँडची मात्र त्याला पहिल्या दिवसापासून काळजी वाटत होती.

पाण्याखालचे भोक

इंजिन होडीच्या आत आणि पंखा बाहेर पाण्यात. दोघांना जोडणारा शाफ्ट होडीच्या अंगातून बाहेर न्यायचा तर पाण्याच्या पातळीखाली भोक पाडावेच लागते. शिवाय शाफ्ट फिरता हवा, म्हणजे भोक त्याच्याभोवती पक्के बुजवून टाकता येत नाही. आमच्या होडीत शाफ्टचा व्यास २५ मिमी होता आणि ते भोक पाण्याखाली साधारण ५० सेंमी होते. एवढ्या खोलीवर पाण्याचा दाब सुमारे ५,००० पास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या विसाव्या भागाइतका असतो. आकडा किरकोळ दिसतो. पण टॉरिसेलीचा नियम लावून पाहिला, तर एवढ्या खोलीवरच्या उघड्या भोकातून पाणी सेकंदाला तीन मीटरच्या वेगाने आत येईल. शाफ्टभोवती अर्ध्या मिलिमीटरची फट मोकळी सोडली, तर मिनिटाला चार लिटरहून जास्त पाणी होडीत शिरेल.

ही फट अडवणारी जुनी व्यवस्था म्हणजे स्टफिंग बॉक्स. आपले कारागीर तिला सरसकट 'ग्लँड' म्हणतात. शाफ्ट ज्या नळीतून बाहेर जातो तिच्या आतल्या टोकाला जाड रबरी नळीचा एक तुकडा क्लिपांनी आवळलेला असतो. त्या तुकड्याच्या दुसऱ्या टोकाला पितळी पेटी असते. पेटीचे आतले भोक शाफ्टपेक्षा बरेच मोठे. या दोहोंमधल्या कड्यासारख्या जागेत मेणचट, चौकोनी विणीच्या डोरीची तीन-चार कडी एकामागे एक बसवतात आणि वरून एक मोठा नट आवळतात. नटाने डोरी लांबीच्या दिशेने दाबली की ती आडवी फुगते आणि शाफ्टला चहूबाजूंनी धरते. नट आपोआप सैल होऊ नये म्हणून त्याच्या मागे दुसरा, अडवणारा नट असतो. पंपातही हेच असते. घरातल्या जुन्या पितळी नळाची मूठ फिरवताना दांड्याशेजारून पाणी झिरपू नये म्हणून प्लंबर जो दोरा गुंडाळतो, तोही याच कुळातला.

ही युक्ती पंख्याच्या बोटींहून जुनी आहे. जेम्स वॉटने वाफेच्या इंजिनाचा सिलिंडर वरून झाकणबंद केला तेव्हा दट्ट्याचा दांडा झाकणातून हलता ठेवायचा आणि वाफ मात्र बाहेर जाऊ द्यायची नाही, असा पेच होता. चरबीत भिजवलेले तागासारखे धागे ठासून त्याने तो सोडवला. त्याचे पेटंट १७६९ सालचे. आमच्या होडीतली डोरी जवसाच्या झाडाच्या धाग्याची होती. पेटीत पाणी येते तसा हा धागा फुगतो आणि फट आणखी बुजवतो. त्याचा हाच गुण पुढे आमच्या अंगाशी आला.

एकही थेंब नको!

पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढून ठेवलेली होती. २०११ साली नारळी पौर्णिमा १३ ऑगस्टला होती. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी आम्ही होडी पाण्यात ढकलली आणि पाहतो तो ग्लँडमधून जवळजवळ धारच लागलेली. अडीच महिने कोरड्यात राहून डोरी सुकली होती, आकसली होती. नाखवा म्हणाला, "आज हात लावू नका साहेब. एक रात्र भिजू द्या." पण दुसऱ्या दिवशी नमुने घ्यायचेच होते. आम्ही जवळच्या एका वर्कशॉपमधून कारागीर बोलावला. त्याने मोठा पाना लावून नट आवळला, आणखी आवळला, आणि कापडाने पेटी पुसून दाखवली. एकही थेंब नाही! आम्ही खूश झालो. दोष कारागिराचा म्हणवत नाही, कारण थेंब बंद झालाच पाहिजे, असा हट्ट आमचाच होता.

रात्रभरात डोरी फुगली. आवळलेल्या पेटीत तिला फुगायला जागा नव्हती, म्हणून शाफ्टवरचा दाब वाढत गेला. दुसऱ्या दिवशी वारा नव्हता. ओहोटीच्या उलट दोन तास इंजिन चालवल्यावर खालून जळक्या चरबीचा वास येऊ लागला. पेटीवर मगभर पाणी ओतले, तर ते चर्रकन उडाले.

या उष्णतेचा हिशोब आठवी-नववीच्या विद्यार्थ्यालाही करता येईल. इंजिनापुढच्या गिअरमुळे शाफ्ट मिनिटाला सुमारे १,००० फेरे घेत होता. व्यास २५ मिमी, म्हणजे शाफ्टचा पृष्ठभाग डोरीवरून सेकंदाला १.३ मीटर वेगाने घासत होता. डोरीची तीन कडी, प्रत्येक ६ मिमी रुंद. त्यांचा शाफ्टला टेकलेला भाग सुमारे १४ चौरस सेंमी. डोरी बेताची आवळलेली असेल आणि मध्ये पाण्याचा पातळ थर असेल, तर दर चौरस सेंमीवर अर्धा किलोग्रॅम भार आणि घर्षणांक ०.१ धरू. घर्षणबल ७ न्यूटन येते आणि निर्माण होणारी उष्णता ९ वॉट. रात्रीच्या मंद दिव्याएवढी. आता पेटी घट्ट आवळून भार सहापट केला आणि पाण्याचा थर नाहीसा झाल्याने घर्षणांक तिप्पट झाला असे धरू. उष्णता अठरापट होते, म्हणजे १६५ वॉट. मुठीत मावणाऱ्या पितळी पेटीत दीडशे वॉटचा जुना तापणारा बल्ब कोंडून ठेवल्यासारखे हे झाले. हे आकडे ढोबळ आहेत, पण कोणत्या गोष्टीने किती फरक पडतो ते त्यांतून कळते.

म्हणजे तो अधूनमधून पडणारा थेंब पेटीचा दोष नव्हता. डोरी आणि शाफ्ट यांच्यामध्ये पाण्याचा थर आहे आणि तो नव्याने भरला जात आहे, याची ती खूण होती. पाणी येथे वंगणाचे काम करते. पाण्याला वंगण म्हणवून घ्यायला आपण सहसा तयार नसतो, कारण तेलाचा चिकटपणा त्यात नाही. पण बोटींच्या इतिहासात हा धडा एकदा मोठ्या प्रमाणावर शिकून झालेला आहे. पंख्यावर चालणारी मोठी जहाजे आली तेव्हा शाफ्टची बाहेरची धातूची बेअरिंगे समुद्राच्या पाण्यात पाहता पाहता झिजत. १८५४ साली जॉन पेन आणि फ्रान्सिस पेटिट स्मिथ यांनी धातूऐवजी लिग्नम व्हिटी नावाच्या, पाण्यात बुडण्याइतक्या जड आणि राळयुक्त लाकडाच्या पट्ट्या बसवल्या. दोन पट्ट्यांमधल्या खाचांतून समुद्राचे पाणी मुद्दाम खेळते ठेवले, आणि झीज आटोक्यात आली. आजच्या छोट्या होड्यांत लाकडाच्या जागी खाचांचे रबर असते, इतकेच.

आमच्या शाफ्टवर मात्र पाण्याऐवजी कोरडी, करपून कडक झालेली डोरी घासली गेली होती. विशेष म्हणजे झीज तिन्ही कड्यांखाली सारखी नव्हती. नटाच्या सर्वांत जवळच्या कड्याखाली ठळक खोबण पडली होती, तिसऱ्या कड्याखाली शाफ्ट जवळजवळ नवा होता. याचे कारण कणगीतल्या धान्यात सापडते. कणगी कितीही उंच भरली, तरी तळावरचा दाब एका मर्यादेपलीकडे वाढत नाही. वरच्या धान्याचा भार भिंतींच्या घर्षणावर तोलला जातो. त्याचप्रमाणे नटाचा जोर पहिल्या कड्याशीच बराचसा खर्ची पडतो आणि आतल्या कड्यांपर्यंत थोडाच पोहोचतो. नट आवळत राहिले, तर पहिले कडे शाफ्टला खाते आणि तिसरे नुसते बसून राहते.

तीन दिवसांची सुट्टी

त्या दिवसानंतर ग्लँड पुन्हा गळू लागली, आणि आता नट आवळून उपयोग नव्हता. करपलेली डोरी फुगत नव्हती आणि झिजलेल्या शाफ्टला नीट बिलगतही नव्हती. तरी आम्ही फारसे घाबरलो नाही. होडीच्या तळाशी बॅटरीवर चालणारा पंप होता. पाणी ठरावीक पातळीला आले की तरंगणारा खटका तो चालू करी. २० ऑगस्टला शनिवार होता आणि सोमवारी गोकुळाष्टमी. आम्ही तळ पुसून स्वच्छ केला, होडी नांगराला बांधली आणि घरी गेलो.

मंगळवारी सकाळी नाखव्याचा फोन आला. "साहेब, होडी मागून बसलीय."

पोहोचलो तेव्हा इंजिनाचे जड चाक निम्मे पाण्यात होते. प्रथम वाटले की पावसाचे पाणी असेल, कारण तीन दिवस सर येत-जात होती. आम्ही क्षारता मोजायचे उपकरण पिशवीतून काढीपर्यंत नाखव्याने बोट बुडवून जिभेला लावले आणि "खाडीचं" म्हणून सांगितले. उपकरणाने नंतर तेच सांगितले. (शाळेत हीच परीक्षा सिल्व्हर नायट्रेटने करता येते. पांढरा दाट साका आला की पाणी आकाशातले नव्हे.) पंप बंद का पडला, ते पाणी उपसल्यावर दिसले. तळ पुसताना वापरलेला कॉटन वेस्टचा एक बोळा आम्ही आत विसरलो होतो. त्याचे धागे खटक्याच्या बिजागरीत अडकले होते. तो बोळा आम्ही बरेच दिवस टेबलावर ठेवला होता.

उपसलेले पाणी बादल्यांनी मोजले. जवळपास ४७० लिटर भरले, म्हणजे सिमेंटच्या नऊ गोण्यांहून अधिक वजन. पाण्याशी टेकणारे होडीचे क्षेत्रफळ दहा चौरस मीटर धरले, तर एवढ्या वजनाने ती पावणेपाच सेंटिमीटर खाली बसली. ग्लँडही तेवढीच खोल गेली आणि तिथला दाब नऊ टक्क्यांहून अधिक वाढला. होडी जसजशी बसते तसतशी ती जास्त गळते. शिवाय तळात मोकळे हिंदकळणारे पाणी होडी कलली की त्याच बाजूला धावते आणि तिला आणखी कलवते. तेव्हा खाडीत वारा सुटला असता तर काय झाले असते, याचा विचार आम्ही परतीच्या एस.टी.त केला.

दुप्पट फट, आठपट पाणी

तीन दिवसांत ४७० लिटर म्हणजे तासाला साडेसहा लिटर. एवढे पाणी यायला फट केवढी हवी? आमचा अंदाज होता अर्ध्या मिलिमीटरचा. हिशोब केल्यावर तो साफ चुकीचा ठरला.

टॉरिसेलीचा नियम पातळ पत्र्यातल्या मोकळ्या भोकाला लागू पडतो. अरुंद आणि लांब फटीत गोष्ट वेगळी असते. तिथे पाण्याचे थर भिंतींना चिकटून थबकतात आणि शेजारच्या थरांनाही मागे ओढतात. पाण्याची श्यानता, म्हणजे चिकटपणा, येथे सत्ता गाजवते. अशा फटीतून येणारे पाणी दाबाच्या सम प्रमाणात आणि फटीच्या लांबीच्या व्यस्त प्रमाणात असते, आणि फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. घन का, तेही पाहण्यासारखे आहे. फट दुप्पट केली की पाण्याला जायला जागा दुप्पट होते, हा एक घटक. मधले पाणी भिंतींपासून दूर गेल्याने त्याचा सरासरी वेग चौपट होतो, हा दुसरा. दोन गुणिले चार, आठ.

आमच्या पेटीचे आकडे, म्हणजे २५ मिमीचा शाफ्ट, डोरीची एकूण लांबी १८ मिमी आणि दाब ५,००० पास्कल, या सूत्रात घातले. फट एक शतांश मिलिमीटर असेल तर मिनिटाला ०.११ मिलिलिटर पाणी येते. एका मिलिलिटरचे साधारण वीस थेंब धरले, तर मिनिटाला दोन थेंब. फट दोन शतांश मिलिमीटर झाली की मिनिटाला सतरा-अठरा थेंब. पाच शतांशाला तासाला ८०० मिलिलिटर. आणि एक दशांश मिलिमीटर, म्हणजे वहीच्या कागदाच्या जाडीएवढी फट झाली, की तासाला साडेसहा लिटर!

आमची होडी बुडवायला निघालेली फट कागदाएवढी होती. आणि उत्तम, निरोगी ग्लँडमधली फट तिच्या एक दशांश. डोक्याचा केससुद्धा या निरोगी फटीच्या कित्येक पट जाड असतो. ग्लँडच्या नटाला हात लावताना कारागीर एवढा जपून का वागतो, ते यावरून उमगते. षटकोनी नट एका बाजूएवढा, म्हणजे एक षष्ठांश फेरा फिरवला, आणि त्याच्या आट्यांचे अंतर दीड मिलिमीटर असले, तर तो पाव मिलिमीटर पुढे सरकतो. यातला बराचसा भाग धाग्यांमधल्या पोकळ्या भरण्यात जातो. तरी उरलेला भागही या शतांशांच्या खेळात फार मोठा आहे.

घनाचा नियम वर्गात दाखवता येतो, आणि आम्ही तो एका शाळेत दाखवलाही. सुमारे दहा सेंमी रुंद आणि वीस सेंमी लांब अशा काचेच्या दोन पट्ट्या घ्याव्या. कडा घासून बोथट केलेल्या असाव्यात. दोन्ही लांब कडांवर जुन्या एक्स-रे फिल्मची एकेक अरुंद पट्टी किंचित व्हॅसलीन लावून ठेवावी, वर दुसरी काच ठेवून दोन्ही बाजूंनी कागदाच्या चिमट्यांनी पकडावे. हा जोड उभा धरून वरच्या तोंडाशी भिजवलेल्या कणकेचे छोटे आळे करावे. आळ्यात पाणी सतत भरलेले ठेवून खालून पडणारे पाणी मोजपात्रात घ्यावे. मग एकाऐवजी दोन फिल्म एकावर एक ठेवून प्रयोग पुन्हा करावा. फिल्मची जाडी स्क्रू गेजने मोजावी. ती ०.२ मिमीच्या आसपास निघाली, तर पहिल्या वेळी मिनिटाला चाळीसएक मिलिलिटर आणि दुसऱ्या वेळी तीनशेच्या पुढे पाणी मिळायला हवे. आमचे गुणोत्तर आठाऐवजी साडेसहा आले, कारण चिमट्यांच्या दाबाने काच वाकते आणि व्हॅसलीनचाही थर असतो. विद्यार्थ्यांनी ही कारणे आमच्याआधी शोधली. प्रयोग करण्यापूर्वी त्यांना उत्तराचा अंदाज लिहून ठेवायला सांगावे. बहुतेक जण 'दुप्पट' लिहितात.

एका ओहोटीतले काम

दुरुस्तीसाठी होडी पाण्याबाहेर हवी होती. क्रेनचा खर्च आम्हाला परवडणारा नव्हता. नाखव्याने पिठोरी अमावास्येचा मुहूर्त काढला. या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या सुमारास येते आणि उधाणामुळे पाणी नेहमीपेक्षा अधिक वर चढते, अधिक खाली उतरते. २८ ऑगस्टच्या मध्यरात्रीच्या भरतीला आम्ही होडी एका सपाट जागी नेऊन उभी केली. पहाटे चारला ती कोरडी पडली. साडेनऊच्या आत पाणी परत येणार होते. तोवर ग्लँड बसली नाही, तर होडीच्या तळाला उघडे भोक आणि वर चढणारी भरती, असा मामला होता.

शाफ्ट आणि गिअर यांना जोडणारे बोल्ट गंजून बसले होते. आदल्या दिवशी त्यांवर रॉकेल सोडून ठेवले होते म्हणून ते सहाला सुटले. नाही तर काम तिथेच संपले असते. रबरी नळीचा तुकडा काढला, आणि तो वाकवून पाहिल्यावर आमच्या पोटात गोळा आला. क्लिपेखाली रबराला आरपार जातील अशा भेगा पडल्या होत्या. आम्ही इतके दिवस थेंब मोजत होतो, आणि जी वस्तू फाटली असती तर होडी तासाभरात गेली असती तिच्याकडे कुणी पाहिलेच नव्हते. डोरी झिजते ती हळूहळू, आणि तसे कळवत कळवत. नळी तसे काही कळवत नाही. तिच्या प्रत्येक टोकाला एक नव्हे तर दोन क्लिपा असाव्यात आणि त्या न गंजणाऱ्या पोलादाच्या असाव्यात.

नवी जाड नळी आम्ही जुन्यापेक्षा दोन सेंटिमीटर लांब कापली. त्यामुळे पेटी शाफ्टवर तेवढी पुढे सरकली आणि नवी कडी न झिजलेल्या भागावर बसली. नवा शाफ्ट घ्यायची गरज पडली नाही. ही कल्पना नाखव्याची.

जुनी डोरी शेवटच्या तुकड्यापर्यंत काढणे हे कंटाळवाणे काम. वाकड्या टोकाच्या स्क्रूने एकेक कडे उपसावे लागते आणि आत एखादे राहून गेले की नवी कडी नीट बसत नाहीत. (येथे एक सूचना. शाळेच्या जुन्या पंपातून राखाडी, काळपट, तंतुमय डोरी निघाली तर ती ॲस्बेस्टॉसची असण्याची शक्यता असते. ती कोरडी उकरू नये, फुंकर मारू नये, विद्यार्थ्यांना हात लावू देऊ नये.) नव्या डोरीची कडी कापताना ती त्याच व्यासाच्या दांड्यावर गुंडाळून धारदार पात्याने कापली, म्हणजे टोके एकमेकांना बरोबर भिडतात. डोरी अखंड ठेवून मळसूत्रासारखी गुंडाळायचा मोह होतो, पण मग पाण्याला आत यायला एक सलग वाट मिळते. सुटी कडी बसवून त्यांचे सांधे एकमेकांपासून १२० अंशांवर ठेवले, म्हणजे एका सांध्यातून निसटलेल्या पाण्यापुढे दुसऱ्या कड्याची भिंत येते. प्रत्येक कडे चिरलेल्या पाइपच्या तुकड्याने वेगवेगळे ठासून बसवले. कणगीची गोष्ट आठवावी. सगळी एकदम भरून नटाने दाबली, तर आतली कडी सैलच राहतात. नट फक्त हाताने फिरेल तेवढाच आवळला.

सव्वानऊला शेवटचा बोल्ट बसला तेव्हा पाणी घोट्याला लागले होते.

होडी तरंगल्यावर पहिल्या तासात मिनिटाला चाळीस थेंब पडत होते. आमचा हात पान्याकडे गेलाच. "पडू द्या," नाखवा म्हणाला. "आता बंद केलात तर परत जळंल." दुसऱ्या दिवशी डोरी फुगल्यावर, इंजिन अर्धा तास चालवून मोजले तेव्हा बारा थेंब. मग नट एक षष्ठांश फेरा फिरवला, पुन्हा अर्धा तास थांबलो. चार थेंब. पेटीवर हात ठेवला तर कोमट लागत होती, चटका बसत नव्हता. तिथे थांबलो. घनाच्या नियमाने उलटा हिशोब केला तर बारावरून चार थेंबांवर येताना फट अठरा सहस्रांश मिलिमीटरवरून बारा सहस्रांशांवर आली. सहा सहस्रांश मिलिमीटर, साध्या पान्याने!

आज थेंब न गळणारी यांत्रिक सीलही मिळतात. त्यांत डोरी नसते. कार्बनचे एक कडे आणि पोलादाचे दुसरे, अशी दोन गुळगुळीत तोंडे रबरी भात्याच्या दाबाने एकमेकांवर फिरतात. ही तोंडे इतकी सपाट घासतात की त्यांचा सपाटपणा प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मापाने तपासावा लागतो. पाण्याचा थर तिथेही असतो, पण तो एक सहस्रांश मिलिमीटरच्या घरात. म्हणजे आमच्या डोरीच्या निरोगी फटीच्या दहावा हिस्सा, आणि म्हणून गळती हजारावा हिस्सा. असा एक थेंब साचायला काही तास लागतील, आणि तोवर तो वाळूनही जाईल. आम्ही तरी डोरीच ठेवली. भाता फाटला तर तो एकदम फाटतो, आणि कोकणातल्या कुठल्याही बंदरावर डोरी मिळते, भाता मिळत नाही.

पुढे एक लहानशी अडचण उरली. सप्टेंबरमध्ये चांगल्या वाऱ्यात इंजिन बंद ठेवून शिडावर जाताना पेटीखाली थेंब वाढलेले दिसले. आधी काही कळेना. मग शाफ्टवर खडूने रेघ मारली आणि पाहिले, तर तो हळूहळू फिरत होता. होडी पुढे जाताना पाणीच पंख्याला फिरवत होते, आणि इंजिन बंद म्हणून आम्ही ग्लँडकडे पाहत नव्हतो. गिअरच्या माहितीपुस्तकात, शिडावर असताना मागचा गिअर टाकून शाफ्ट अडवावा, असे लिहिलेले सापडले. प्रत्येक गिअरला हे चालत नाही, म्हणून पुस्तक पाहणे बरे. आमच्याला चालले. त्या दिवसापासून नमुन्यांच्या वहीत तारीख, वेळ, क्षारता आणि तापमान यांच्यापुढे आणखी एक रकाना आखला गेला, मिनिटाला किती थेंब याचा. हंगामभर त्यात तीन ते पाच यांच्यामधलेच आकडे आहेत.